वाचकांचे प्रश्न : कोडिंग येतं, संगीत आवडतं, आता पुढे काय?

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, लहानपणापासून कीबोर्ड वाजवते. कॉम्प्युटर म्युझिक असा काही विषय असतो हे आत्ता कळलं. यात खरंच करिअर आहे का, की नोकरी एकीकडे आणि हे छंद म्हणूनच? रिसर्च करायचा तर कुठे बघू?

उत्तर : करिअर आहे, अगदी खरंखुरं आहे, फक्त त्याला एकच दार नाहीये त्यामुळे बाहेरून ते दिसत नाही. ऑडिओ सॉफ्टवेअर लिहिणारे लोक लागतात (तिथे सी प्लस प्लस चांगलं हवं, आणि ज्यूस नावाचं फ्रेमवर्क बऱ्याच ठिकाणी वापरतात), गेममध्ये खेळणाऱ्याच्या हालचालीप्रमाणे आवाज बदलणारे लागतात, त्यासाठी वाइज आणि एफमॉड ही टूल्स शिकावी लागतात, म्युझियममधल्या इंटरॲक्टिव्ह मांडणीला लोक लागतात, आणि गाणी शोधणं, ताल ओळखणं, सूर मोजणं यावर रिसर्च करणारेही लागतात.

रिसर्चसाठी मोठी नावं सांगते. स्टॅनफर्डचं सीसीआरएमए, त्याचा उच्चार सगळे 'कर्मा' असाच करतात, पॅरिसचं इरकॅम, बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा युनिव्हर्सिटीतला म्युझिक टेक्नॉलॉजी ग्रुप, लंडनच्या क्वीन मेरीमधलं सेंटर फॉर डिजिटल म्युझिक, ऑस्लो युनिव्हर्सिटीतलं रिटमो. यातल्या बार्सिलोनाच्या ग्रुपकडे जरा नीट बघ, कारण फ्रीसाउंड हा आवाजांचा फुकट साठा २००५ पासून तेच चालवतात आणि कॉम्पम्युझिक या त्यांच्या प्रोजेक्टमध्ये हिंदुस्तानी, कर्नाटक, तुर्की, चिनी असं वेगवेगळं संगीत त्याच्या स्वतःच्या नियमांनी कॉम्प्युटरला कसं समजावायचं यावर काम झालं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बरीचशी टूल्स बारा स्वरांची पट्टी धरून बनलेली असतात आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आली की त्यांची पंचाईत होते. आणखी एक, नॉर्वेसारख्या देशात पीएचडी म्हणजे पगारी नोकरीच असते, त्यामुळे पैशाच्या भीतीने आधीच नाही म्हणू नकोस.

पण अर्ज करण्याआधी एक काम कर. काहीतरी छोटं बनव जे चालतं, आणि चार लोकांच्या हातात दे. या क्षेत्रात मार्कशीटपेक्षा 'ऐकव बघू' हे आधी येतं, हे मी अनेकदा बघितलंय.

सुरुवात प्युअर डेटा या आवाज बनवायच्या सॉफ्टवेअरपासून कर. मिलर पकेट यांनी १९९६ च्या सुमारास बनवलेलं, फुकट आहे, कोड टाइप करण्याऐवजी चौकोन काढून ते वायरींनी जोडायचे. एका चौकोनात ऑसिलेटर, म्हणजे सलग सूर काढणारा, त्याला ४४० आकडा (सेकंदाला इतकी कंपनं) दिला की कीबोर्डवरचा मधला 'ए' वाजतो, तो सूर दुसऱ्या चौकोनात ०.१ ने गुणायचा म्हणजे आवाज आटोक्यात राहतो आणि मग शेवटच्या चौकोनातून स्पीकरकडे. झालं, तीन चौकोन. मी यानंतर लगेच अर्डुइनोला, म्हणजे सेन्सर जोडायच्या छोट्या सर्किट बोर्डला, अंतर मोजणारा सेन्सर लावला, हात जवळ नेला की सूर चढायला हवा होता पण तो जिना चढल्यासारखा ठक ठक करत चढायला लागला, दोन दिवस मला वाटत होतं सेन्सरच खराब आहे. सेन्सर चांगला होता. तो सेकंदाला जेमतेम २० आकडे पाठवत होता आणि आवाजाला सेकंदाला ४४,१०० लागतात, मधली जागा कोणी भरायची? मध्ये एक 'लाइन' चा चौकोन टाकला, एका आकड्यावरून दुसऱ्यावर ५० मिलिसेकंदात घसरत जा असं सांगितलं, आणि सूर एकदम मऊ झाला. त्या एका वायरीत मला जे कळलं ते वाचून कळलं नव्हतं. आता हा ५० मिलिसेकंदांचा उशीर वाजवणाऱ्याला जाणवतो का, किती कमी केला तर चालेल, हाच तर नाइम या कॉन्फरन्समधला आवडता विषय आहे बघ, २००१ पासून ती फक्त नव्या वाद्यांसाठीच भरते आणि तिथले पेपर फुकट वाचता येतात.

प्रश्न : मी गाणं शिकलोय, कोडिंगचा गंधही नाही. माझं इथे काही काम आहे का?

उत्तर : आहे, आणि जरा जास्तच आहे. स्टॅनफर्डचे जॉन चाउनिंग मुळात संगीतकार, इंजिनीअर नव्हेत. १९६७ मध्ये ते व्हायब्रॅटो, म्हणजे सुराची थरथर, वाढवत वाढवत नेत होते, आणि एका टप्प्यानंतर त्यांच्या कानाला थरथर ऐकू येईना, त्याजागी नवाच नाद ऐकू यायला लागला. त्यातून एफएम सिंथेसिस, म्हणजे एका सुराने दुसरा सूर भरभर थरथरवून नवा नाद काढायची पद्धत, निघालं, पुढे यामाहाने त्याचा परवाना घेतला आणि १९८३ ला डीएक्स७ हा त्यांचा कीबोर्ड आला. कानाने आधी पकडलं, गणित मागून आलं. तुम्हाला फक्त एवढंच करायचंय की रोज अर्धा तास प्युअर डेटा उघडायचं, आणि एखादा कोडिंगवाला मित्र सोबत घ्यायचा.

प्रश्न : आता एआय दोन मिनिटांत गाणं बनवतं, मग हे शिकून उपयोग काय?

उत्तर : तयार गाणं मिळतं हे खरं. पण समोरच्या माणसाने हात हलवला, श्वास रोखला, चूक केली, तर त्याच क्षणी उत्तर देणारं वाद्य ही वेगळी गोष्ट आहे, तिथे कोणी तरी ठरवावं लागतं की कुठल्या हालचालीला काय ऐकू यावं. मशीन लर्निंग तिथेही वापरतात, स्वतःचे हातवारे त्याला शिकवून. मला स्वतःला त्यातच जास्त रस आहे.

आणि तिघांनाही सांगते, पहिला पॅच (प्युअर डेटात जोडलेले चौकोन) चालू करताना हेडफोन कानावर ठेवू नका, आवाज एकदम कमी करा, मग हळूहळू वाढवा. चुकीची वायर जोडली गेली तर पूर्ण जोरात आवाज येतो आणि कान दुखावतात.