घरात कुणालाच आनुवंशिक आजार नाही, तरी नवजात बाळाची टाचेची तपासणी करावी का?

तुम्ही लिहिलंय की बाळ दोन दिवसांचं आहे, डॉक्टरांनी नवजात तपासणी सुचवलीय, पण दोन्ही घरांत कुणाला काही आजार नाही आणि आजी म्हणतायत, एवढ्याशा जिवाला सुई कशाला टोचता. माझं ऐकाल तर डिस्चार्जच्या आधी करून घ्या.

माझी मुलगी पुण्यातच झाली, ६ वर्षांपूर्वी. वजन ३ किलो, सगळं नॉर्मल. तिसऱ्या दिवशी टाचेच्या कडेला टोचून फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब घेतले आणि पाचव्या दिवशी मी साताऱ्याला माहेरी गेले. तिथे जो येईल तो म्हणायचा, किती गुणी बाळ, रडतसुद्धा नाही! दूध पिता पिता झोपून जायची. कावीळ रेंगाळली होती, तर कोवळ्या उन्हात धरा म्हणाले. मलाही त्या शांतपणाचं कौतुकच वाटायचं. आज ते आठवलं की पोटात कालवतं.

लॅबचा फोन नवऱ्याच्या मोबाईलवर येत होता. अनोळखी नंबर म्हणून त्यांनी दोनदा उचललाच नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा ती ११ दिवसांची होती. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन, फार वाढलेलं. तडक पुण्याला आलो, शिरेतून रक्त घेऊन खात्री केली. टाचेच्या तपासणीतून नुसता संशय कळतो, निदान त्यानंतरच होतं. सोनोग्राफीत थायरॉईड ग्रंथी दिसलीच नाही. बाराव्या दिवशी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन औषध म्हणून, सुरू झालं. इवल्याशा गोळीची पूड दोन थेंब दुधात कालवून चमच्याने द्यायची, बस्स.

आता 'घरात कुणाला नाही' याबद्दल. ग्रंथी तयारच न होणं किंवा भलत्या जागी असणं हे बहुतेक वेळा आनुवंशिक नसतंच. भारतात साधारण हजार-दोन हजार बाळांमागे एकाला जन्मतः थायरॉईडची कमतरता असते. पोटात असताना आईचं थायरॉईड हार्मोन थोडंफार पोहोचत असल्याने जन्मताना बाळ धडधाकट दिसतं. लक्षणं ठळक होईपर्यंत मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं आणि ते भरून निघत नाही. म्हणून औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवं.

जे आजार खरोखर आनुवंशिक असतात, त्यातले बरेचसे आईवडील दोघेही निरोगी वाहक असताना होतात, म्हणजे दोघांच्या जनुकात तोच दोष असतो पण स्वतःला आजार नसतो. अशा जोडप्याला प्रत्येक खेपेला २५ टक्के धोका. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, तिथे हा विचार जास्तच करायला हवा.

तपासण्यांची यादी लांबलचक असते, पन्नासेक आजारांचं पॅकेजही मिळतं. ऐपत असेल तर घ्या. नसेल तर निदान टीएसएच, जी-सिक्स-पीडी (हे एन्झाइम कमी असेल तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात) आणि अॅड्रिनल ग्रंथीची १७-ओएचपी ही तपासणी सोडू नका. रक्त ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान द्यावं. पहिल्या दिवशी टीएसएच तसंही चढलेलं असतं, उगाच घाबरायला होतं. तुमचं बाळ दोन दिवसांचं आहे, म्हणजे वेळ आत्ताचीच आहे.

फॉर्मवर दोन नंबर द्या, एक माहेरचा. आणि आठवड्यात रिपोर्ट आला नाही, तर स्वतः फोन करून मागा.