जीडीबीमध्ये लूपच्या नेमक्या फेरीत कसं थांबायचं?

तुमचा प्रोग्राम पाचशे फेऱ्यांच्या लूपमध्ये कुठंतरी सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन पडतो, जीडीबी या डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम थांबवत थांबवत चूक शोधायच्या साधनात, ‘नेक्स्ट’ दाबून दाबून तुम्ही थकलात आणि ‘स्टेप’ भलत्याच फंक्शनमध्ये शिरतं, असं तुम्ही लिहिलंय. मग तिथवर चालत जाऊच नका. प्रोग्रामला पळू द्या आणि हवा तिथे पकडा.

ब्रेकपॉइंट, म्हणजे ‘इथे थांब’ अशी खूण, लूपच्या आतल्या पहिल्या ओळीवर लावा. ‘फॉर’च्या ओळीवर लावलात तर तो बहुतेक वेळा सुरुवातीला एकदाच लागतो. त्याला १ क्रमांक मिळाला असं धरू. आता ‘इग्नोर १ १०००००’ द्या, म्हणजे लाखभर वेळा तो लागला तरी जीडीबी थांबणार नाही. मग ‘रन’. प्रोग्राम नेहमीसारखा पडेल. पडल्यावर ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’ द्या, ब्रेकपॉइंट किती वेळा लागला तो आकडा दिसेल. समजा ३४७. मग ‘इग्नोर १ ३४६’ आणि पुन्हा ‘रन’. आता तुम्ही बरोब्बर त्या फेरीच्या तोंडाशी उभे! इनपुट मात्र दोन्ही वेळा तेच हवं. दोन दिवस छळणारा एक बग मला असाच सापडला: त्या एकाच फेरीत पॉइंटर नल, म्हणजे कुठलाच पत्ता नसलेला, येत होता.

इथून पुढे खुशाल एकेक ओळ चाला. ‘नेक्स्ट’ फंक्शन पूर्ण चालवून पुढच्या ओळीवर येतं, ‘स्टेप’ आत शिरतं. चुकून शिरलात तर ‘फिनिश’ द्या, फंक्शन संपवून बाहेर येतं आणि परत आलेली किंमतही दाखवतं. (‘रिटर्न’शी गल्लत करू नका, ते उरलेला कोड न चालवताच बाहेर पडतं.) तेच फंक्शन सारखं आडवं येत असेल तर ‘स्किप फंक्शन’ आणि त्याचं नाव द्या.

मध्येच दुसरा छोटा लूप लागला तर त्याच्या शेवटच्या ओळीवरून ‘अन्टिल’ द्या, उरलेल्या फेऱ्या एका दमात होतात. रिकामा एंटर दाबला की मागचीच आज्ञा पुन्हा चालते, तेव्हा महत्त्वाच्या ओळीजवळ हात आवरा.

आणि कंपाइल करताना ‘-जी’सोबत (डीबगरसाठी माहिती ठेवायला) ‘-ओ०’ (ऑप्टिमायझेशन बंद ठेवायला) द्या. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करायला कंपायलरने केलेले फेरफार, चालू असेल तर ओळी पुढे-मागे उड्या मारतात, आणि आपल्याला वाटतं डीबगरच बिघडलाय.