जाळीच्या कपाटातले वाचनालय

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

घराघरांतून निघालेल्या टाकाऊ सामानातून सोसायटीच्या जिन्याखाली पुस्तकांचे कपाट उभे करायचे, ज्याला हवे त्याने पुस्तक न्यावे आणि जमेल तेव्हा आणून ठेवावे, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. बंद पडलेला फ्रिज, गंजू लागलेले लोखंडी कपाट आणि कोणाच्या तरी आजीच्या स्वयंपाकघरातले लाकडी जाळीचे कपाट, अशा तीन वस्तू तुझ्यापुढे आहेत आणि तुझा ओढा फ्रिजकडे आहे. माझे मत जाळीच्या कपाटाला आहे.

फ्रिजची कल्पना टाकाऊ नाही. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात २०११ च्या भूकंपानंतर मोकळ्या झालेल्या एका जागेवर काचेच्या दाराच्या जुन्या फ्रिजमध्ये असाच पुस्तकविनिमय सुरू झाला, आणि तो लोकांनी आपलासा केला. पण आपल्याकडचा आषाढ-श्रावण वेगळा. फ्रिजचे दार रबरी पट्टीमुळे घट्ट बसते. पावसाच्या दिवसांत कोणी दमट पुस्तक आत ठेवले की तो ओलावा बाहेर पडायला वाट उरत नाही आणि पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. शिवाय लपंडाव खेळणारी मुले अशा पेटीत शिरली तर जिवावर बेतू शकते. म्हणून फ्रिजच घ्यायचा झाला तर दाराची रबरी पट्टी आणि असेल ती कडी आधी काढलीच पाहिजे, आणि त्यातला गॅस जाणत्या कारागिराकडूनच काढून घेतला पाहिजे. लोखंडी कपाट त्या मानाने बरे, पण ते दुपारच्या उन्हात तापते आणि पावसाळ्यात गंजते.

जाळीचे कपाट बनवणाऱ्या सुताराने हा सगळा विचार आधीच करून ठेवला आहे. दुधाला मांजराचे तोंड लागू नये आणि हवा मात्र खेळती राहावी, एवढ्यासाठी ते कपाट जन्माला आले, आणि पुस्तकालाही नेमके हेच हवे असते. त्याला पाय असल्यामुळे तळाची फळी जमिनीपासून वर राहते, आणि जाळीतून आतली पुस्तके दिसत असल्यामुळे जाणारा-येणारा थांबतो. पावसाचे झोत थेट येणार नाहीत अशी जागा मात्र त्याला हवी, आणि ती तुझ्याकडे आहे.

आता कपाट तयार करण्याविषयी. वर्षानुवर्षांचा तेलकट थर धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून काढ आणि लाकूड सावलीत नीट वाळू दे. तेलाचा वास राहिला तर झुरळे येतातच. पायांना खिळ्याच्या टोकाने टोचून पाहा. खिळा सहज आत गेला तर वाळवी लागलेली आहे, आणि तो पाय बदलल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. जुना रंग खरवडताना विशेष जप. आपल्याकडे घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची, मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालायला हवे. पॉलिश पेपर ओला करून घास, तोंडाला मास्क लाव आणि लहान मुलांना त्या वेळी लांब ठेव. मुलांच्या हौसेला रंगाचा शेवटचा हात राखून ठेवता येईल.

खरी अडचण फळ्यांच्या खोलीची आहे. हे कपाट पातेल्यांसाठी केलेले असल्याने फळी चांगली हात-दीड हात खोल असते, तर आपली बहुतेक कथा-कादंबरीची पुस्तके डेमी आकाराची, म्हणजे साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद. त्यामुळे लोक एकापुढे एक दोन रांगा लावतात आणि मागच्या रांगेचे नावही कोणाला कळत नाही. यावर उपाय घरातच आहे. जेवायला बसायचे जुने लाकडी पाट आज कित्येक माळ्यांवर पडून आहेत. ते मागून घे, फळीच्या मागच्या अर्ध्या भागात एकावर एक दोन ठेव आणि त्यांवर मागची रांग उभी कर. पुस्तकांच्या कण्यांवरची नावे पुढच्या रांगेच्या डोक्यावरून वाचता आली पाहिजेत. तेवढी उंची जमेपर्यंत पाट खाली-वर करून पाहा. दिवाळी अंकांचा प्रश्न वेगळा, कारण ते पातळ आणि मोठे असल्याने उभे राहत नाहीत, वाकून त्यांचा कणा मोडतो. त्यांच्यासाठी स्टीलचे ताटाळे वापर. ताटांच्या खाचांत एकेक अंक सरळ उभा राहतो आणि मुखपृष्ठही दिसते. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वाचून दुसऱ्याच्या हाती देण्याची वस्तू म्हणूनच मराठी घरांनी या अंकांकडे पाहिले आहे. तुझ्या कपाटाची सुरुवात त्यांनीच कर. ते कोणी द्यायला कचरत नाही.

कपाट भिंतीला टेकवू नकोस, चार बोटे जागा सोड, म्हणजे भिंतीची ओल लाकडात उतरणार नाही. जिन्यातून ये-जा करण्याची वाट अडता कामा नये आणि विजेचे मीटर शेजारी नसावेत, हे कार्यकारिणीला तू स्वतःहून लेखी कळव. लेखी परवानगी असली की समिती बदलली तरी कपाट हलत नाही.

अशा कामाचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावी टॉड बॉल यांनी शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ, गॅरेजच्या जुन्या दाराच्या लाकडातून शाळेच्या आकाराची पुस्तकपेटी करून अंगणात लावली, आणि तिच्यापासून जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली, हे तुला ठाऊक असेलच. पण त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, नाशिक जिल्ह्यातील कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला १९१० मध्ये बडोद्यास आणले, आणि तेथून लाकडी पेट्यांत भरलेली पुस्तके खेड्यापाड्यांत फिरू लागली. इमारत नसली तरी पेटीने वाचनालय चालते, हे आपल्याकडे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

त्या पेट्यांमागे एक खाते आणि माणसे होती, आणि तुझ्या कपाटामागेही माणूस हवा. आठवड्यातून एकदा पुस्तके चाळणारा, धूळ झटकणारा, गेल्या वर्षीची गाइडे आणि फाटक्या वह्या निर्धास्तपणे रद्दीत घालणारा कोणीतरी नेमून ठेव. लोक चांगल्या मनाने काहीही आणून ठेवतात, आणि रद्दी साचली की वाचणारा फिरकेनासा होतो. नवीन आलेले पुस्तक थेट फळीवर नको. पानांना बारीक भोके किंवा कसर दिसली तर ते प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस, पुस्तक खोलीच्या तापमानाला आले म्हणजे मग उघड, नाहीतर पानांवर दव धरते. बुरशी लागलेले पुस्तक मात्र घेऊच नकोस.

पुस्तके परत आली नाहीत तर काय, असे तू विचारले आहेस. काही येणार नाहीत. म्हणून कुलूप लावू नकोस आणि दंडही ठेवू नकोस. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिलेच सूत्र पुस्तके वापरासाठी आहेत असे सांगते. फक्त दोऱ्याने बांधलेली एक वही आत ठेव. तिच्यात नेणाऱ्याने नाव लिहावे, आणि हवे असलेले पुस्तकही लिहावे. ही दुसरी नोंद मला अधिक मोलाची वाटते, कारण शेजारी काय वाचू इच्छितात हे त्यातून कळते आणि ते पुस्तक कोणाकडे आहे हे विचारत फिरता येते.

सुताराला बोलावण्याआधी तिन्ही फळ्यांची खोली आणि दोन फळ्यांमधले अंतर मोजून मला लिहून पाठव. ताटाळे वरच्या फळीवर बसेल की खाली घ्यावे लागेल, ते त्यावरून ठरवू. पाऊस सुरू व्हायच्या आत रंग वाळायला हवा.

कळावे.

तुझा शुभचिंतक