पहिली एकांकिका लिहिणाऱ्या मित्राला

तुझी संहिता दोनदा वाचली. नायिकेला दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेश मिळालाय, नायक पुण्यात थांबणार, आणि दोघं पानंच्या पानं प्रेम मोठं की करिअर यावर बोलतात. ती पानं काढून टाक. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. खोलीचं भाडं आता एकट्याने कोण भरणार, इथूनच भांडण सुरू होऊ दे. किंवा दिल्लीचं पत्र आलंय हे तिने अजून सांगितलेलंच नाही, असं केलंस तर त्या प्रसंगाला ताण येईल.

हृषिकेश मुखर्जींचा 'अभिमान' (१९७३) पुन्हा बघ. सुबीर नावाजलेला गायक. तोच बायकोला, उमाला, आपल्याबरोबर गायला लावतो आणि लोक तिला डोक्यावर घेतात. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, आणि तिचं नाव होतं तसा तो आतून करपतो. लेखनाची ताकद इथे आहे. उमाला मात्र यशाची फारशी ओढ नाही, हे मला खटकतं. तुझ्या नायिकेला ते मनापासून हवं असू दे. त्याबद्दल तिला माफी मागायला लावू नकोस.

आणि तुझा नायक? सध्या तो नुसता वाट बघतो. त्यालाही स्वतःचं काहीतरी हवं असलं पाहिजे.

तुझ्या संहितेतला शेवटचा अपघात काढच. सिनेमात मूल गमावल्याचं दुःख दोघांना जवळ आणतं. तू निर्णय त्यांनाच घेऊ दे. मग दोन नटांकडून मोठ्याने वाचून घे. जिथे ते अडखळतील तिथे खूण कर.