भरतीआधी ती दाढ दाखव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सैन्यभरतीसाठीचं ग्राउंड चांगलं चाललंय, पळणं वेळेत बसतंय, हे वाचून बरं वाटलं. उजवीकडची दाढ ठणकते हे मात्र तू शेवटच्या ओळीत उरकलंस. मला तिच्याबद्दलच लिहायचंय.

माझ्या दवाखान्यात खडकी-दापोडीची भरतीची पोरं येतात. दुखणारी दाढ काढून टाका, म्हणतात. तसं करू नकोस. मेडिकलला दातांचे गुण मोजतात. 32 दात नीट असतील तर 22, आणि किमान 14 लागतात. पुढच्या दाताला 1, पूर्ण वाढलेल्या दाढेला 2. गुण वरखालच्या जोडीला असतो, म्हणून खालची दाढ उपटली की वरची धडधाकट दाढही मोजणीतून जाते. कीड वेळेत भरली तर हे टळतं.

पण गुण मिळाले म्हणजे झालं, असं नाही. आपल्याकडे लष्करी सेवा सक्तीची नाही. फिनलंड, दक्षिण कोरियात आहे. तिथे सक्तीच्या सेवेत असलेल्या तरुणांच्या तोंडाच्या आरोग्याचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो, हे जोखायला ओएचआयपी-14 ही प्रश्नावली वापरतात. किती दात किडले, हे तिच्यात नाहीच. जेवण अर्धवट सोडावं लागतं का, चिडचिड होते का, चारचौघांत संकोच वाटतो का, नेहमीची कामं जड जातात का, असे 14 प्रश्न. मला ही पद्धत मनापासून पटते. एका गालाने चावणारा मुलगा पंगतीत लगेच कळतो: पोळी वरणात कुस्करतो, शेंगदाणे ताटाच्या कडेला सारतो. ट्रेनिंगमध्ये भूक दुप्पट आणि जेवायला वेळ मोजका. तिथे असं खाऊन अंगात ताकद कुठून येणार? रात्री ठणका लागला तर झोपही गेली, आणि पहाटे पीटी आहेच.

तुझ्या वयात अक्कलदाढ येते. अर्धवट आली की वर हिरडीची टोपी राहते, तिच्याखाली अन्न अडकून सूज येते, कधी तोंडही उघडत नाही. तुझं दुखणं तेच आहे की कीड, हे एक्स-रेवर कळेल. खर्चाची अडचण असेल तर पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात जा.

अकॅडमीतली पोरं तंबाखूचा बार भरतात. तू त्यात पडू नकोस. बार धरतात तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं, मग थंड पाण्यानेही कळ येते.

भरती झाल्यावर दुखलं तर सरळ एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना, गाठ. दुखणं सांगितलं म्हणून कोणी कच्चा ठरत नाही. एक्स-रेचा फोटो मला पाठव, आणि तोवर पेनकिलर घेऊन पळू नकोस.

तुझा,
काका