इको-सॉल्व्हेंट मशिनमध्ये कंपनीची इंक वापरावी की बाहेरची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातपूरला साइनबोर्डचं दुकान, नवं इको-सॉल्व्हेंट मशीन (विनाइलवर सौम्य सॉल्व्हेंटच्या इंकने छापणारा मोठा प्रिंटर), वॉरंटी अजून चालू. कंपनीची इंक परवडत नाही आणि आजूबाजूचे सगळे म्हणतात, "बाहेरची टाक, काही होत नाही." मीही नाशिकलाच याच धंद्यात आहे. फ्लेक्स आणि इको-सॉल्व्हेंट अशी दोन्ही मशिनं चालवतो आणि दोन्ही प्रकारची इंक वापरलेली आहे.

माझं म्हणणं असं की वॉरंटी संपेपर्यंत कंपनीचीच वापरा. त्यानंतर बाहेरची चालेल, पण रोजचं काम भरपूर असेल तरच. आणि एकदा ठरवलं की त्याच इंकवर राहा. आज ही स्वस्त मिळाली, उद्या ती, परवा सणाच्या घाईत परत कंपनीची, या धरसोडीत जितकी हेडं (इंकचे थेंब फेकणारा मशिनचा भाग) जातात तितकी नुसत्या बाहेरच्या इंकने जात नाहीत.

आधी हे विचारा की शेजारचे कोणत्या मशिनबद्दल बोलतायत. त्यांच्याकडे दहा फुटी फ्लेक्स मशीन असेल तर त्यांचा अनुभव तुमच्या कामाचा नाही. चिनी बनावटीच्या त्या मशिनांना "कंपनीची इंक" असा प्रकार जवळपास नसतोच. डीलर जी आणून देतो तीच त्याची इंक. त्यांतली कोनिकासारखी हेडं जहाल सॉल्व्हेंटसाठीच बनलेली असतात. तुमच्या मशिनमध्ये बहुधा एप्सनचं हेड असणार. त्याचं नोझल, म्हणजे इंक बाहेर पडायचं छिद्र, साधारण 20 मायक्रॉनचं, म्हणजे केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहूनही बारीक. रंगाचा कण त्यातून सुखरूप जायचा तर तो एक मायक्रॉनच्या खूप खाली दळलेला हवा आणि महिनोन्महिने द्रवात तरंगत राहायला हवा. चांगल्या आणि वाईट इंकमधला फरक मुख्यतः या दळण्यात, गाळण्यात आणि कण एकमेकांना चिकटू न देणाऱ्या रसायनात असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि सगळी गोची तिथेच आहे.

वासावरून मात्र बरंच कळतं. इको-सॉल्व्हेंट इंकचा मुख्य द्रव ग्लायकॉल इथरच्या जातीचा असतो. बाटली उघडली तर वास मंद येतो, नाक मुरडावं लागत नाही. लेबलवर "इको" लिहिलंय आणि झाकण काढताच फ्लेक्सच्या इंकसारखा नाकात घुसणारा वास आला, तर आत सायक्लोहेक्सानोनसारखं काहीतरी जहाल घातलंय असं समजा. अशी इंक विनाइलवर चटकन वाळते, पकड घट्ट घेते, त्यामुळे पहिले काही दिवस माणूस खूश असतो. पण तेच सॉल्व्हेंट कॅपिंगचं (मशीन थांबलं की हेडवर बसणाऱ्या झाकणाचं) रबर आणि डॅम्परची (हेडच्या आधी इंक ज्यातून जाते त्या छोट्या डबीची) पातळ पडदी खायला लागतं. बॅटरी मारून कॅपिंगकडे बघा. रबराची कड सरळ, धारदार दिसायला हवी. ती फुगून नागमोडी झाली असेल तर हेडवर झाकण नीट बसत नाही, रात्रभर हवा लागते आणि सकाळी नोझल चेकमध्ये (सगळी छिद्रं चालतात का ते बघायला छापतो त्या रेघांच्या नमुन्यात) रेघा गायब. मग आपण क्लीनिंगवर क्लीनिंग मारतो आणि वाचवलेली इंक वेस्टच्या बाटलीत जाते. त्याच सॉल्व्हेंटने हेडच्या आतला गोंद सुटला तर दुरुस्ती नाही, थेट नवीन हेड.

थंडीचाही हिशोब धरा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो तेव्हा आपल्याकडेही सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये हात गारठतात, आणि इंक घट्ट होते. हेडला थेंब फेकण्यासाठी व्होल्टेजचा जो झटका मिळतो तो कंपनीने आपल्या इंकचा घट्टपणा धरून बसवलेला असतो. मुळातच थोडी जाड असलेली बाहेरची इंक उन्हाळ्यात बिनबोभाट चालते आणि थंडीत सकाळच्या पहिल्या कामाला पट्टे पाडते. त्यामुळे कुणी मे महिन्यात "एकदम मख्खन चालते" म्हणालं तर त्याला जानेवारीत परत विचारा.

आता पैशांचं. भरगच्च डिझाइनला चौरस फुटाला साधारण 1 मिली इंक लागते असं धरा. आकडे मी समजण्यासाठी घेतोय, तुम्ही आजचे भाव टाका. समजा कंपनीची इंक मिलीला 8 रुपये पडते आणि बाहेरची 2 रुपये. फुटामागे 6 रुपये सुटले. दिवसाला 100 फूट छापलं आणि महिन्याचे 25 दिवस मशीन चाललं, तर महिन्याला 15,000 वाचतात. हेड 90,000 चं असेल तर सहा महिन्यांच्या बचतीत ते निघतं. त्यानंतर गेलं तरी तुम्ही तोट्यात नाही. पण दिवसाला 20 फूटच काम असेल तर बचत महिन्याला 3,000, आणि तेच हेड वसूल व्हायला अडीच वर्षं. शिवाय कमी चालणाऱ्या मशिनमध्ये इंक नळ्यांत बसून राहते, गाळ धरते, म्हणजे हेड जायची शक्यता उलट वाढते. लोक नेमकं याच्या उलट करतात: काम कमी म्हणून हात आखडतात आणि स्वस्त इंक आणतात. एक्सपी 600 सारखं स्वस्त हेड असेल तर गणित बदलतं, तिथे धोका पत्करायला हरकत नाही. हेडची किंमत डीलरकडून फिटिंगसकट लिहून घ्या आणि मगच ठरवा.

कोणाचं काम करताय हेही यात येतं. वाढदिवसाचा बॅनर असेल तर रंग टिकण्याची चर्चा फिजूल आहे. "भावी नगरसेवक" महापालिकेची गाडी येईपर्यंत टिकले तरी पुष्कळ. पण दुकानाचा बोर्ड, हॉस्पिटलची नावं, अंबडच्या एखाद्या कारखान्याच्या गाड्या, तिथे एक-दोन वर्षांनी फोन येतो. मुंबई-आग्रा महामार्गावर जुने बोर्ड बघा, माणसांचे चेहरे निळे पडलेले दिसतात. उन्हात पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात, निळा आणि काळा मागे राहतात. स्वस्त इंकमध्ये काटकसर बऱ्याचदा याच दोन रंगांच्या पिगमेंटमध्ये केलेली असते. मोठ्या ब्रँडचं काम मिळवायचं असेल तर आणखी एक भानगड आहे. थ्रीएमची एमसीएस वॉरंटी किंवा एव्हरी डेनिसनची आयसीएस वॉरंटी (फिल्म बनवणाऱ्या या कंपन्या छापलेलं काम टिकण्याची जी हमी देतात ती) ही फिल्म, इंक, मशीन आणि लॅमिनेशन सगळं मान्य यादीतलं असेल तरच मिळते. ग्राहकाने ते कागद मागितले तर बाहेरच्या इंकचा विषय तिथेच संपतो.

वॉरंटीबद्दल नेटवर बरंच अमेरिकेचं लिहिलेलं वाचाल. तिथे 1975 पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे, त्यानुसार कंपनी वॉरंटीसाठी स्वतःचाच माल घ्यायची सरसकट अट घालू शकत नाही. तो दाखवून इथल्या सर्व्हिस इंजिनियरशी वाद घालायला जाऊ नका, इथे तुमच्या वॉरंटी कार्डावर जे छापलंय ते तो दाखवणार. तो आला की आधी इंकच्या चिपची नोंद आणि डॅम्परमधली इंक बघतो. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार "ग्राहक" धरला जात नाही, मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठीच ती घेतली असेल तर धरला जातो. तुम्ही स्वतःच मशीन चालवत असाल तर ही गोष्ट लक्षात असू द्या, बिल तुमच्या नावाचं आणि जपून ठेवलेलं असू द्या.

वॉरंटीनंतर बदलायचं ठरलं तर आधी इंक कुणाकडून घेणार ते नक्की करा. पक्कं बिल देणारा, बाटलीवर बॅच नंबर आणि मुदत असलेला माल देणारा, त्या इंकचं प्रोफाइल (रंग बरोबर यावेत म्हणून त्या इंकसाठी बनवलेली फाइल) रिपमध्ये, म्हणजे छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकून देणारा, आणि पट्टे पडले तर दुसऱ्या दिवशी माणूस पाठवणारा डीलर हवा. "प्रोफाइल कशाला, जुनंच चालतंय" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. जुन्या प्रोफाइलवर राखाडी रंग हिरवट किंवा गुलाबी मारतो आणि ग्राहकाचा लोगो फसतो. पहिली बाटली मशिनमध्ये न घालता काचेच्या ग्लासात तुमच्या चालू इंकमध्ये थोडी मिसळून रात्रभर ठेवा. सकाळी दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या तर डॅम्परमध्येही तेच होणार होतं. गुठळ्या झाल्या नाहीत म्हणून मशिनमध्ये मिसळायला मोकळीक मिळाली असंही नाही. जुनी इंक काढा, नळ्या योग्य क्लीनिंग सोल्युशनने धुवा, डॅम्पर नवे टाका, मग भरा. टाकीत उरलेल्यावर नवीन ओतायचं नाही.

त्यानंतर चारही रंगांचे भरीव चौकोन छापा. काळा सलग काही फूट छापून लगेच नोझल चेक काढा, कारण इंक कमी पोहोचत असेल तर रेघा लांब कामानंतरच गळतात, सकाळच्या चेकमध्ये सगळं छान दिसतं. दुसऱ्या दिवशी नखाने खरवडा, ओल्या फडक्याने घासा. एक तुकडा गच्चीवर दक्षिणेच्या उन्हात ठेवा, त्याचाच जोडीदार कपाटात. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन्ही शेजारी धरले की पिवळ्याचं काय झालं ते कळेल.

हे सगळं निवांत असताना करा. 2027 चा सिंहस्थ जवळ आला की स्वागतकमानीपासून पार्किंगच्या पाट्यांपर्यंत सगळ्यांना एकदम छापायचं असतं. तेव्हा हेड मिळत नाही, इंजिनियर फोन उचलत नाही. तुमची वॉरंटी नेमकी त्या गर्दीत संपत असेल तर गर्दी ओसरेपर्यंत कंपनीचीच इंक चालू ठेवा, आणि तो जास्तीचा खर्च कामाच्या दरात लावा.