आयुष्यभर रॉक वाजवून साठीत खंत कशाची?

प्रश्न असा आहे : ‘ज्या मराठी माणसाने आयुष्यभर रॉक बँडमध्ये वाजवलं, त्याला मागे वळून बघताना कशाची खंत वाटते? पैसा, नाव, की वाया गेलेली वर्षं?’

तिन्हींची नाही. पैसा मिळाला नाही हे खरं, पण तो मिळणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ठाण्याचा, नौपाड्यातला. १९८५ पासून बेस गिटार, म्हणजे खालचे जाड सूर देणारी गिटार, वाजवतोय. दिवसा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी केली आणि तिथूनच रीतसर निवृत्त झालो. घर नोकरीने चालवलं. रॉकचा खर्च निघाला तो ऑर्केस्ट्रातून : गणपती, नवरात्र, लग्नं, सोसायट्यांच्या पूजा.

खर्च कसला, तर तारांचा. बेसच्या चार इंपोर्टेड तारा घ्यायच्या म्हणजे महिन्याचं गणित कोलमडायचं. तारांच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ साचला की आवाज बोथट होतो. मग त्या काढून उकळायच्या. आईचा कुकर उतरला की त्याच गॅसवर जुन्या पातेल्यात दहा मिनिटं, नंतर फडक्याने कोरड्या करून परत चढवायच्या. पुढचे आठ-दहा दिवस खणखणीत वाजायच्या. पाण्यावर काळपट तवंग यायचा. बाबा पेपरातून डोकं वर काढून विचारायचे, ‘आज तारांची आमटी का?’

गाणी बसवायची कॅसेटवरून. प्रत्येकाच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा कमी-जास्त सैल, त्यामुळे एकाच गाण्याची पट्टी माझ्या घरी एक आणि गिटारवाल्याच्या घरी त्याच्या अर्धा सूर खाली. दोघंही आपापल्या जागी बरोबर. वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी प्रॅक्टिस असायची आणि तिचा पहिला तास सूर जुळवण्यात जायचा. (आजच्या मुलांकडे फोनवर ट्यूनर असतो. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.)

रंगभवनाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. धोबीतलावचं उघड्यावरचं नाट्यगृह. १९८६ मध्ये सुरू झालेलं ‘इंडिपेंडन्स रॉक’ हे रॉक बँडांचं संमेलन तिथे व्हायचं, पंधरा ऑगस्टच्या आसपास, म्हणजे ऐन पावसात. त्या स्टेजवर मी तीनदा चढलो, तिन्ही वेळा वेगवेगळ्या कार्यक्रमांत आणि तिन्ही वेळा दुपारी, मोठी नावं यायच्या आधी. रात्री बेस खांद्यावर टाकून व्हीटीपर्यंत चालत यायचं आणि मालडब्यात रिकाम्या पाट्यांशेजारी टेकायचं. पुढे २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. इस्पितळ, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या आसपास कॉलेजही आणि इस्पितळंही. तिथलं रॉक बंद पडलं. नियम चुकीचा होता असं मी आता म्हणू शकत नाही, का ते पुढे येईल.

तर खंत. खंत एका गाण्याची आहे.

आम्ही सगळे दुसऱ्यांची इंग्रजी गाणी वाजवायचो. पब्लिकला तीच हवी असायची, अगदी रेकॉर्डसारखी. रॉक मशीन या मुंबईच्या बँडने (पुढे १९९३ मध्ये त्यांनी इंडस क्रीड असं नाव घेतलं) १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला तेव्हा आम्ही चाट पडलो होतो. इंग्रजीच, पण स्वतःचं! आमचा गाणारा डोंबिवलीचा. त्याने गाडीत उभ्या-उभ्या एक गाणं लिहिलं, मराठीत : ‘पारसिकच्या बोगद्यात दिवे गेले रे’. कळवा आणि मुंब्र्याच्या मधल्या या बोगद्यात फास्ट गाडी शिरते, डब्यात अंधार होतो, आणि तेवढ्यापुरतं कोण कुणाशी काय बोलतं, एवढंच. बेसची चाल मी रुळांच्या ठेक्यावर बांधली होती, मधे एक ठोका मुद्दाम गाळलेला, जणू सांधा आलाच नाही.

हे गाणं लोकांसमोर एकदाच वाजलं. १९९१ चा गणपती, पाचपाखाडी. ऑर्केस्ट्राची गायिका वाटेत अडकलेली, निवेदकाचे विनोद संपलेले. आमचा गाणारा तिथे मिमिक्री करायला आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. कीबोर्डवाल्याला कानात दोन सूर सांगितले. पुढे बसलेल्या बायका आधी गोंधळल्या, मग ‘मुंब्र्याला या हातात हात’ या ओळीला जी हसली मंडळी! वन्स मोअर आला. अध्यक्षांनी पन्नास रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, ते अजून यायचंय.

आणि तरी रंगभवनात आम्ही ते वाजवलं नाही. यादीत लिहिलं होतं, आयत्या वेळी मीच खोडलं. ‘घाटी’ म्हणून हुर्यो उडेल अशी भीती होती. पुढच्या रांगांत कॉन्व्हेंटची पोरं, आणि आम्ही कधी न पाहिलेल्या हायवेंवर आणि वाळवंटांवर इंग्रजीत गळा काढतोय. रोज जायचो कळव्यावरून.

एक टेप केलेली प्रत होती. तिच्यावर आईने नकळत रेडिओवरचं कीर्तन उतरवून घेतलं. त्यामुळे आज ते गाणं बोगद्यात शिरतं आणि बाहेर पडतं ते थेट नारदाच्या गादीवर.

दुसरी गोष्ट कानांची. ही खंत नाही, बिल आहे. बेसवाला ड्रमरच्या हायहॅटच्या (एकावर एक आपटणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) बाजूला उभा राहतो, म्हणून माझा उजवा कान गेला. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज किती असेल ते आम्ही कधी मोजलं नाही. ८५ डेसिबल आठ तास चालतात, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. आम्ही चार-चार तास बसायचो. कानातल्या त्या बारीक केसपेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. ऑडिओग्रामची, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाची, रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरते, डॉक्टरांनी ती बघूनच विचारलं, ‘कारखान्यात होतात का?’ आता रात्री पंखा बंद केला की कानात शिट्टी वाजते. तुमच्या घरात कुणी वाजवत असेल तर पहिल्या अँप्लिफायरच्या आधी इअरप्लग घ्या.

१५ डिसेंबर २०१९ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यू-टू हा आयर्लंडचा रॉक बँड आला, तेव्हा प्लग घालून गेलो होतो. १९७६ मध्ये शाळेत जमलेली तीच चार पोरं, अजून एकत्र. गाणी मला फारशी ऐकू आली नाहीत, मी बेसवाल्याकडे बघत बसलो.

आम्ही चौघं आता चार गावांना. गेल्या महिन्यात गाणाऱ्याला फोन केला, म्हटलं ‘बोगदा’ नीट रेकॉर्ड करून ठेवू, नेरूळला ओळखीतल्या पोरांचा स्टुडिओ आहे. तो तयार झाला. पण दुसरं कडवं त्याला आठवत नाही. गिटारवाल्यालाही नाही. ड्रमर म्हणतो दुसरं कडवं नव्हतंच. होतं. त्याच्याखालचा बेस मला पहिल्यापासून शेवटपर्यंत येतो, गाळलेल्या ठोक्यासकट.